फुलांबरोबरच्या दोन ओळी

फूल कोणालाहि देतां येतें. त्याला शिक्षण लागत नाहीं, वय लागत नाहीं, आणि सणावाराचे दोन-चार महागाईचे दिवस सोडले तर फारसे पैसेहि लागत नाहींत. परंतु त्या फुलाबरोबर द्यावयाच्या दोन ओळी लिहिण्याची वेळ आली कीं भले भले लोक गडबडून जातात. कापसाच्या बाजारांत मोठमोठे सौदे तोंडावर करणारा व्यापारी, कोर्टांत तास तास बोलणारा वकील, सभेंत एकदां उभा राहिला म्हणजे खालीं न बसणारा पुढारी, या सर्वांपुढें पत्त्याच्या पानाएवढें एक कोरें कार्ड ठेवा. ते सारखेच मुके होतात. “तुम्हीच लिहा कांहीं तरी चांगलेंसें,” असें म्हणून ते लेखणी दुसऱ्याच्या हातीं देतात. आमच्या बुलढाण्यांत हा दुसरा माणूस बहुधा मी असतों.

तें कसें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एस.टी. स्टँडच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें फुलांचें दुकान आहे. त्याच्या वडिलांच्या वेळीं तेथें हार, गजरे, वेण्या आणि लग्नसराईंत मुंडावळ्या एवढाच माल असे. आतां गुलाब, जरबेरा, निशिगंध यांचे चकचकीत कागदांत बांधलेले गुच्छ तेथें ओळीनें उभे असतात, लोक त्यांना ‘बुके’ म्हणतात, आणि प्रत्येक बुक्याला रेशमी दोऱ्यानें एक लहानसें कार्ड टांगलेलें असतें. मीं तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. तेव्हां मला मराठी लिहितां येत असावें अशी माझ्या विद्यार्थ्याची भाबडी समजूत आहे. अडलेलें गिऱ्हाईक तो सरळ माझ्या घरीं पाठवितो. मोबदला म्हणून उन्हाळ्यांत मोगऱ्याचे गजरे आमच्या घरीं पोंचतात, आणि त्यांच्याबरोबर कसलेंहि कार्ड नसतें.

या उद्योगामुळें मला एक प्रश्न पडूं लागला. फुलांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. पारिजातकाचा सडा, जाईजुईचे वेल, अंगणांतला सोनचाफा, राजूरच्या घाटांत फाल्गुनांत पेटणारा पळस, यांच्या संगतींत आपल्या पिढ्या वाढल्या. मग फुलाबरोबर चार शब्द लिहून द्यावे, ही रीति आपल्यांत कां रुजली नाहीं?

पहिलें कारण असें दिसतें कीं, आपलें फूल बहुधा हातोहात दिलें जाई. तें देवाला वाहिलें, माणसाच्या गळ्यांत घातलें किंवा केसांत माळलें. देणारा आणि घेणारा समोरासमोर असले म्हणजे चिठ्ठीला कामच उरत नाहीं. दरवर्षीं १२ जानेवारीला आमच्या जिल्ह्यांत सिंदखेडराजा येथें जिजाऊंच्या जन्मस्थानीं हजारों माणसें लोटतात. कित्येकांच्या हातांत फुलें असतात. त्या फुलांना कोणी कार्ड बांधीत नाहीं, आणि बांधावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मैलोगणती चालून आलेले पाय हाच तेथें मजकूर असतो.

दुसरें कारण मात्र इतकें सुखाचें नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत फूल हें पुष्कळदां शब्दाच्या ऐवजीं येई. नवरा-बायकोनें वडील माणसांसमोर एकमेकांशीं बोलणें हा अविनय समजला जात असे. तो संध्याकाळीं घरीं येतांना पानांत गुंडाळलेली वेणी घेऊन येई, ती मुकाट्यानें खुंटीला अडकवी किंवा कोनाड्यांत ठेवी; ती मुकाट्यानें उचले आणि माळी. या मूक व्यवहाराची गोडी अनेकांनीं वर्णिली आहे, व ती खोटी नाहीं. पण बोलावयाची मोकळीक असून न बोलणें निराळें, आणि मोकळीकच नसल्यामुळें न बोलणें निराळें. शिवाय ज्या बाईसाठीं ती वेणी येई तिला अक्षरओळख असण्याचा संभव थोडाच होता. चिठ्ठी लिहिली असती तरी ती वाचणार कोण? अशा काळांत, १८८२ सालीं, आमच्या याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि घराघरांत कोंडलेलें बोलणें एकदम उघड्यावर आणलें. त्या पुस्तकांत फुलांचा सुवास नाहीं, निखाऱ्याची धग आहे. परंतु वेणी मिळाली म्हणजे बाईला सर्व कांहीं मिळालें असें मानणाऱ्या समाजाला, बाईला शब्दहि हवे असतात, ही गोष्ट त्यांनीं इतक्या आधीं ऐकविली, याचा या गांवच्या माणसाला अभिमान वाटावा.

तथापि फुलांबरोबर निरोप धाडण्याची कल्पना आपल्या मातीला परकी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. उलट निरोपाच्या बाबतींत विदर्भाइतकी थोर परंपरा क्वचितच दुसऱ्या प्रांताला असेल. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर विरहाचे दिवस कंठीत होता तो रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. हा यक्ष मेघाला निरोप सांगण्यापूर्वीं काय करतो? ताजीं कुड्याचीं फुलें ओंजळींत घेऊन तो मेघाला अर्घ्य देतो, आणि मग बोलावयास लागतो. आधीं फुलें आणि मागून मजकूर, हा क्रम त्यानें घालून दिलेला आहे. फुलें मेघाला आणि मजकूर बायकोला एवढाच काय तो फरक!

पण त्या निरोपांतली खरी मौज शेवटीं आहे. मेघ हा परका. त्यानें आणलेला निरोप आपल्याच पतीचा, हें त्या बिचारीनें कशावरून ओळखावें? म्हणून यक्ष एक खूण सांगतो. एकदां ती त्याच्या गळ्यांत हात घालून निजली असतां रडत जागी झाली होती. कां म्हणून विचारलें तेव्हां, तुम्हांला दुसऱ्या कोणाबरोबर रमतांना मीं स्वप्नांत पाहिलें, असें ती हसत म्हणाली होती. ही गोष्ट त्या दोघांशिवाय तिसऱ्या कोणास ठाऊक असणें शक्य नव्हतें. एवढ्या मोठ्या काव्यांतल्या नद्या, पर्वत आणि नगरें बाजूला ठेवलीं, तर यक्षाचें खरें कार्ड म्हणजे ही एवढीशी आठवण.

दुसरें उदाहरण रुक्मिणीचें. अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे. तें तिचें माहेर मानतात. भागवताच्या दशमस्कंधांत तिनें श्रीकृष्णाला पाठविलेलें पत्र सात श्लोकांचें आहे, आणि एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरामुळें तें मराठी घरांत परिचयाचें झालें. त्यांत प्रेम आहे, धीटपणा आहे, पण वायफळ अलंकार नाहींत. विवाहाच्या आदल्या दिवशीं कुलदेवीच्या दर्शनाला वधूला नगराबाहेर नेण्याची आमच्या कुळांत रीति आहे, तेव्हां तेथें यावें, इतकी रोखठोक माहिती ती देते. जिला खरोखरच कांहीं सांगावयाचें असतें तिचें लिहिणें असें असतें.

या दोन वैदर्भी निरोपांपासून मीं माझ्या धंद्याचे दोन नियम घेतले आहेत. एक, कार्डावर अशी एक तरी गोष्ट असावी कीं जी त्या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाला लिहितां आली नसती. दुसरा, जें सांगावयाचें तें सांगावें.

हे नियम सांगणें सोपें. लोकांच्या गळीं उतरविणें मोठें कठीण. कारण आपल्या पत्रलेखनाला सांच्यांची फार जुनी संवय आहे. वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद, ‘विनंति विशेष’ आणि ‘लोभ असावा’ या चौकटींत आपल्या आज्यापणज्यांनीं आयुष्यभर पत्रें लिहिलीं. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें तेव्हां ही चौकट थोडी आखडली, पण मोडली नाहीं. पुढें तारेनें शुभेच्छा पाठवितांना तर तयार वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले होते. लग्नाला एक, परीक्षेच्या यशाला दुसरा; तारमास्तरला आंकडा सांगितला कीं वाक्य आपोआप पोंचे. २०१३ च्या जुलैंत आपल्या देशांतली तार बंद झाली आणि ते क्रमांकहि गेले. तरी क्रमांकांची वृत्ति गेली आहे असें मला वाटत नाहीं. हल्लीं मोबाईलवर तयार मजकुरांचा सुकाळ आहे; एकाच सकाळीं एकच सुंदर वाक्य सात नातेवाइकांकडून येतें, आणि सातहि जणांना आपण मनापासून शुभेच्छा दिल्या असें वाटतें.

सांचा सर्वथैव वाईट असेंहि मी म्हणणार नाहीं. संक्रांतीला पाकिटांत हलव्याचे चार दाणे घालून त्याबरोबर तिळगुळाचें छापील कार्ड पाठविण्याची रीति घरोघर होती. त्यावरचे शब्द सर्वांना ठाऊक असत आणि ते तसेच असावेत अशी अपेक्षाहि असे. वर्षभर अबोला धरलेल्या माणसाला नवीन वाक्य सुचत नाहीं; त्याला त्या जुन्या वाक्याचा आडोसा लागतो. लाजाळू माणसाला सांचा हा हाताशीं असलेल्या काठीसारखा आहे. पण काठी टेकीत दारापर्यंत गेल्यावर आंत पाऊल आपलेंच टाकावें लागतें.

पाश्चात्त्यांनीं यावर निराळी युक्ति काढून पाहिली. फुलांनाच अर्थ वाटून द्यावे, म्हणजे लिहिण्याची यातायात नको! १८१९ सालीं पॅरिसमध्यें शार्लोत द लातूर या टोपणनांवानें फुलांच्या भाषेचें एक पुस्तक निघालें, आणि त्याच्या पाठोपाठ युरोपांत अशा कोशांचें पेवच फुटलें. अमुक फूल म्हणजे निष्ठा, तमुक म्हणजे मत्सर. अडचण एवढीच, कीं दोघांजवळ एकच कोश नसला तर निष्ठेचा मत्सर व्हावयाला वेळ लागत नसे. आपल्याकडे झेंडू दसऱ्याचा, केवडा गणपतीचा, मोगरा उन्हाळ्याचा. आपल्या फुलांचे अर्थ कोशांतून नव्हे, वहिवाटींतून आले आहेत. परंतु वहिवाटहि सर्वांची एक असते. माझ्या मनांतलें ती सांगूं शकत नाहीं.

आणि आतां तर कार्डाचें महत्त्व पूर्वीं कधीं नव्हतें इतकें वाढलें आहे. १९१० सालीं अमेरिकेंतल्या कांहीं फुलविक्यांनीं तारेनें एकमेकांना मागण्या कळविण्यासाठीं संघ स्थापला. एका गांवीं पैसे भरावे, दुसऱ्या गांवच्या दुकानदारानें आपलीं फुलें नेऊन द्यावीं, अशी ही सोय. तीच गोष्ट आज आमच्या गांवांत मोबाईलवरून होते. आमचीं मुलें पुण्याला, बंगलोरला आणि त्याहूनहि दूर गेलीं. मुलीच्या वाढदिवसाला बाप येथून पैसे पाठवितो. तिकडचा दुकानदार तिकडच्या बाजारांतला बुके तिच्या दारांत पोंचवितो. बापानें तीं फुलें पाहिलेलींहि नसतात. विचार केला तर त्या सबंध भेटींत बुलढाण्याहून गेलेलें असें काय असतें? फक्त त्या दोन ओळी. त्याहि दुसऱ्या कोणाच्या असल्या, तर बापाचें म्हणून तिच्या हातांत कांहींच पडलें नाहीं.

असाच एक बाप माझ्याकडे आला होता. खामगांवच्या एका जिनिंगमध्यें त्यानें हिशेबनीस म्हणून जन्म काढला होता. मुलीला पुण्यांत पहिली नोकरी लागलेली. “सर, जरा भारदस्त लिहा. गगनभरारी वगैरे,” तो म्हणाला. मीं त्याला गगनाविषयीं कांहींच विचारलें नाहीं. मुलगी शाळेंत कशी जाई, एवढेंच विचारलें. तेव्हां गडी खुलला. सायकलच्या नळीवर तो तिच्यासाठीं टॉवेलची घडी बांधीत असे. चढावर ती घंटी वाजवी आणि “बाबा, आलंच वर” असें सांगे. वस्तुतः चढ पुष्कळ बाकी असे. हें सांगतां सांगतां तो मधेंच थांबला, त्यानें कार्ड माझ्या हातून घेतलें आणि स्वतःच लिहिलें: “आलंच वर. बाबा.” गगनभरारीचा विषय पुन्हा निघाला नाहीं.

ना. घ. देशपांडे यांची एखादी ओळ कार्डावर घाला, असा आग्रह धरणारींहि माणसें येतात. मेहकरला वकिली करीत या कवीनें आयुष्य काढलें, त्यांच्या ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, जिल्ह्याला त्यांच्याविषयीं आपलेपणा वाटतो तो योग्यच आहे. मी त्या गिऱ्हाइकांना विचारतों, ही कविता तुम्हीं दोघांनीं कधीं मिळून ऐकली होती काय? ऐकली असेल, तर कोठें, केव्हां, तें लिहा. ओळ त्यांना आपोआप आठवेल. ऐकली नसेल, तर कवीला कशाला मध्यें घालतां?

चांगल्या कार्डाचें सामर्थ्य काय असतें, हें मला घेणाऱ्याच्या बाजूनेंहि ठाऊक आहे. मी निवृत्त झालों त्या दिवशीं घर फुलांनीं भरलें होतें. कोणत्या बुक्यांत कोणतीं फुलें होतीं तें आतां सांगतां यावयाचें नाहीं. चौथ्या दिवशीं सारीं खताच्या खड्ड्यांत गेलीं. एक कार्ड मात्र माझ्या शब्दकोशांत आहे. एका विद्यार्थिनीनें लिहिलें होतें: “सर, आठवीत तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवलंत. मला फळ्यावरचं दिसत नव्हतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.” मला ही गोष्ट मुळींच आठवत नव्हती. कदाचित् त्या दिवशीं बाकांची कांहीं तरी फिरवाफिरव झाली असेल. परंतु माझ्या आयुष्यांतला एक दिवस, जो माझ्याजवळ शिल्लक नव्हता, तो तिनें वीस वर्षें जपून ठेवून मला परत दिला. फुलांच्या हातून हें काम झालें नसतें.

सर्वांत अवघड कार्डें दुःखाचीं. आपल्याकडे मरणाच्या घरीं फुलांचा गुच्छ धाडीत नाहींत. जाऊन बसतात, आणि तें न बोलतां बसणें कोणत्याहि मजकुरापेक्षां मोठें असतें. परंतु परदेशांत अडकलेल्या मुलाला मावशीच्या दारीं येऊन बसतां येत नाहीं. अशा वेळीं ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ लिहूं नये, असें मी सुचवितों. ईश्वराच्या इच्छेचा उलगडा मावशीनें आपल्याला विचारलेला नसतो. गेलेल्या माणसाचें नांव लिहावें आणि त्याचें एखादें लहानसें कृत्य लिहावें. काका दर खेपेला बसमध्यें खिडकीची जागा आपल्याला देत, एवढें पुरे. आपलें माणूस आणखी कोणाच्या तरी आठवणींत आहे, याहून दुसरा धीर शोकाला देतां येत नाहीं.

गेल्या आषाढांत आलेल्या एका गिऱ्हाइकानें तर मला माझ्या धंद्याचें सारच शिकविलें. चिखलीकडचा एक शेतकरी, साठीच्या घरांतला. थोरला भाऊ अकोल्याला दवाखान्यांत होता. शेताच्या धुऱ्यावरून दोघांचा अकरा वर्षांचा अबोला. मुलीनें बापाला बुके पाठवावयास राजी केलें होतें. कार्ड मात्र तुम्हीच लिहा, असें म्हणून तिनें त्याला माझ्यासमोर आणून बसविलें. तो बराच वेळ बसून राहिला. चहा निवला. बाहेर पाऊस लागला होता. त्याला प्रकृतीविषयीं लिहावयाचें नव्हतें, क्षमा मागावयाची नव्हती, आणि आपली बाजू सोडावयाचीहि नव्हती. अखेर तो म्हणाला, “लिहा. धुरा काई पयून जात नाई दादा, तू घरी ये.”

मी मराठीचा मास्तर. ‘काई’चें ‘काही’ करण्याची आणि ‘पयून’चें ‘पळून’ करण्याची माझ्या हाताला तीस वर्षांची संवय. पण त्या दिवशीं हात उठला नाहीं. शुद्ध करून लिहिलें असतें तर वाक्य माझें झालें असतें आणि थोरल्याला तें परक्याचें वाटलें असतें. यक्षाला जी खूण लागली ती या माणसाच्या बोलींतच होती. जसें बोलला तसें मीं लिहिलें. मुलीनें तें दोन वेळां वाचलें आणि कांहीं न बोलतां पाकिटांत घातलें.

थोरला भाऊ बरा होऊन घरीं आला. धुऱ्याचा वाद मिटला असें मात्र नाहीं. मोजणीचा अर्ज अजून तसाच पडला आहे असें ऐकतों. पण पोळ्याच्या दिवशीं त्या गांवीं दोन्ही घरचे बैल एकामागून एक एकाच तोरणाखालून गेले, आणि धाकट्यानें थोरल्याच्या बैलांच्या शिंगांनाहि झेंडूच्या माळा बांधल्या. त्या माळांबरोबर कार्ड नव्हतें. तें आधींच पोंचलें होतें.